शेवंतीला कळी धरत नाही, किंवा धरलेली कळी उमलत नाही: कारण कसे शोधायचे

हंगामाच्या शेवटी फुलणाऱ्या झाडांची तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. झाड हिरवेगार आहे, फुटवे भरपूर आहेत, पानावर डाग नाही, तरी कळी नाही. किंवा कळी आली, वाटाण्याएवढी झाली आणि महिनाभर तशीच बसून राहिली; त्याच झाडाच्या काश्या (मुळाशी फुटणारी नवी रोपे) नेऊन लावलेल्या दुसऱ्या अंगणात मात्र फुले मावत नाहीत. अशा वेळी हात आधी खताच्या डब्याकडे जातो. शेवंतीच्या बाबतीत तो डबा उघडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या: रात्री झाडावर उजेड किती पडतो, शेवटचा शेंडा कोणत्या तारखेला खुडला, आणि आत्ता फांदीच्या टोकाला नेमके काय दिसते. खत, पाणी आणि कीड यांचा नंबर त्यानंतर.

इथे मुख्य झाड शेवंतीच धरले आहे. डेलिया, झेंडू, कॉसमॉस, अस्टर यांचे जे वेगळे आहे ते शेवटी थोडक्यात येईल.

शेवंती रात्र मोजते

१९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर दाखवून दिले की फूल कधी येणार हे दिवसाच्या लांबीवर ठरू शकते. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या झाडावर प्रयोग करून त्यातली मेख शोधली: दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड पाडला की फूल येत नाही. शेवंती याच गटातली. तिच्या पानांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. उजेडात, त्यातही तांबड्या उजेडात, ते एका रूपात असते आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात जाते. अंधार सलग पुरेसा लांबला की पानांकडून शेंड्याला कळी धरण्याचा निरोप पोचतो. मध्येच दिवा लागला की झालेली मोजणी वाया जाते.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण अडकलेल्या कळीचे कोडे त्यांनीच सुटते. बहुतेक जातींना कळी धरायला दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान लागतो. धरलेली कळी वाढून उमलायला मात्र तो साडेतेरा तासांपेक्षाही लहान लागतो. जातीप्रमाणे हे पुढेमागे होते, पण दोन टप्प्यांना दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत ही गोष्ट पक्की. मधल्या पट्ट्यात अडकलेले झाड कळी धरते आणि तिथेच थांबते. घरच्या बागेत आपण ज्याला कळी बसली म्हणतो ते पुष्कळदा हेच असते.

दिवस मोजताना एक चूक नेहमी होते. सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही झाड दिवसातच धरते, म्हणून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून काढलेल्या दिवसात अर्धा ते पाऊण तास मिळवायचा. आता विषुववृत्तापासून २० अंशांवरच्या गावाचा विचार करा. तिथला सगळ्यात मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा. संधिप्रकाश धरून १४ तासांच्या आसपास. म्हणजे कळी धरण्याची अट तिथे वर्षभर पुरी होते, पण कळी वाढण्याची अट सगळ्यात मोठ्या दिवसांच्या सुमारास होत नाही. ४० अंशांवर सगळ्यात मोठा दिवस १५ तासांचा आणि ५० अंशांवर १६ तासांहून मोठा, म्हणून तिथे झाड तोवर नुसते पानांनी वाढते आणि दिवस आखडल्यावर व्यवस्थित कळीला लागते. एकच जात दोन ठिकाणी इतकी वेगळी का वागते याचे उत्तर इथे आहे. विषुववृत्ताच्या जवळच्या बागेत दिवसाच्या लांबीतला फरक मुळात थोडा असतो, त्यामुळे रात्रीच्या एका दिव्यानेही पारडे फिरते.

अनुकूल रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलायला लागणारा काळ जातीवर ठरतो. लवकरच्या जाती ६ ते ८ आठवडे घेतात, मधल्या ९ ते ११, आणि दांड्यावर एकेकच मोठे फूल घेतल्या जाणाऱ्या, प्रदर्शनात मांडायच्या जाती १२ ते १५. कळी डोळ्यांना दिसायलाच तीन ते चार आठवडे जातात. तेव्हा उशिराची जात लावून लवकरच्या जातीशी तुलना होत असेल तर झाडात काही बिघाड नाही. थंडी कडक पडणाऱ्या ठिकाणी मात्र अशी जात दरवर्षी कळीतच गारठते. तिथे खत-पाणी बदलून उपयोग नाही, जातच बदलावी.

रात्रीचा उजेड मोजा

रस्त्याचा दिवा, फाटकावरचा दिवा, जिन्यातला दिवा, शेजाऱ्यांच्या खिडकीतून येणारा उजेड: यातला एखादा झाडावर पडत असेल तर तो पहिला संशयित. खूणही ठरलेली आहे. झुडपाची दिव्याकडची बाजू हिरवी राहते आणि भिंतीच्या सावलीतली बाजू फुलते. एकाच झुडपाचे असे उभे दोन भाग पडलेले दिसले की पुढचे काही शोधायची गरज नाही.

पूर्ण अंधार पडल्यावर, घरातले दिवे नेहमी असतात तसेच ठेवून झाडाजवळ जा. वरच्या पानांच्या उंचीवर वर्तमानपत्र धरा. बारीक मजकूर सहज वाचता आला तर उजेड जास्त आहे. फोनवरच्या लक्समापकाचा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आकडा इतक्या कमी उजेडात ढोबळच असतो, पण दोन कुंड्यांच्या जागांची तुलना करायला तो पुरतो. पानावर ५ लक्सपेक्षा कमी असेल तर काळजी नको. २० लक्सच्या वर आणि तोही रात्रभर असेल तर उशीर जवळपास नक्की. मधल्या आकड्यांवर जात किती हळवी आहे त्याप्रमाणे होते. पौर्णिमेचे चांदणे अर्ध्या लक्सच्याही खाली असते, त्याचा काही संबंध नाही. विजेरी घेऊन झाडाजवळून एकदा गेल्यानेही शेवंतीचे काही बिघडत नाही.

माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांबद्दल मात्र गैरसमज आहे. मिनिटभर लागून विझतो, मग काय होणार, असे वाटते. रात्रीतून दोन-तीनदाच लागत असेल तर खरोखर काही होत नाही. पण शेवंतीचे व्यावसायिक उत्पादक झाड फुलू नये म्हणून जे करतात ते पाहा: मध्यरात्रीच्या आसपास चार तास, दर अर्ध्या तासात फक्त सहा मिनिटे दिवा. एवढ्यावर कळी थांबते. जिन्यातला दिवा मध्यरात्रीपर्यंत सारखा लागत-विझत असेल तर तो हेच काम करतो.

उपाय अर्थातच दिवा बंद करणे किंवा कुंडी हलवणे. रस्त्याचा दिवा आपल्या हातात नसतो; तिथे दिव्याच्या आणि झाडाच्या मध्ये झाडापेक्षा अर्धा मीटर उंच असा आडोसा उभा करा. जाड काळे कापड किंवा पत्रा चालतो, हिरवी शेडनेट पुरत नाही. कुंडी हलवायची तर दिवसाचे ऊन कमी होणार नाही हे पाहा. सहा तास थेट ऊन ही शेवंतीची किमान गरज आहे. अंधार मिळावा म्हणून सावलीत नेलेले झाड कळी धरते, पण देठ लांबट, कळ्या मोजक्या आणि फूल विरळ निघते.

अंधार आपण देणे

आडोसा शक्य नसेल, किंवा फूल ठरावीक दिवसाच्या आसपास हवे असेल, तर कुंडी रोज झाकायची. पद्धत सोपी आहे, पण ती अर्धवट केली तर काहीच हाती लागत नाही.

१. झाड निदान २० ते २५ सेंटिमीटर उंच आणि फुटव्यांनी भरलेले असू द्या. त्याआधी सुरुवात केली तर बुटक्या झाडाला चार फुले येऊन खेळ संपतो.

२. जाड काळ्या कापडाचे दोन थर, किंवा झाड न दबता आत मावेल असे पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्या. दिवसा कापड डोक्यावरून घेऊन पाच मिनिटे थांबा. डोळे सरावल्यावर हातातला मजकूर वाचता आला तर कापड पातळ आहे.

३. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असा सलग १४ तास अंधार द्या. वेळ बदलली तरी चालेल, लांबी बदलू नका.

४. कळीच्या टोकाला पाकळीचा रंग दिसेपर्यंत हे रोज चालू ठेवा. आठवड्यात एक दिवस चुकला तर फुलायला साधारण तेवढाच उशीर होतो. पहिल्या तीन आठवड्यांत एकामागून एक दिवस चुकले तर मात्र कळी वेडीवाकडी होते किंवा धरतच नाही.

यात सगळ्यात जास्त नुकसान करते ती आच्छादनाखालची उष्णता. संध्याकाळी उन्हात तापलेल्या कुंडीवर काळे कापड टाकले की आत भट्टी होते, आणि उष्णतेने कळी थांबते. म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे. उन्हाच्या दिवसांत संध्याकाळी ७ नंतर झाका आणि सकाळी ९ पर्यंत ठेवा, किंवा बाहेर खरोखर काळोख असेल तर रात्री कापड उचलून ठेवा आणि उजाडण्याआधी पुन्हा टाका.

गरम रात्री

दिवा नाही, आडोसा आहे, तारखाही बरोबर आहेत, तरी दोन-तीन आठवड्यांचा उशीर होतोय? गेल्या महिनाभरातल्या रात्री आठवा. शेवंतीला कळी धरायला रात्रीचे १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते. रात्रीचा पारा २२-२४ अंशांच्या खाली येतच नसेल तर कळी धरणे आणि वाढणे दोन्ही मंदावते. तापलेली गच्ची आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, तेव्हा अशा जागेवरची कुंडी मोकळ्या जमिनीवरच्या कुंडीपेक्षा मागे पडते. कुंडी विटांवर उचलून घ्या, भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढा, कुंडीच्या बाजूंवर दुपारचे ऊन पडणार नाही असे काही आडवे ठेवा. याहून जास्त करण्यासारखे नसते. रात्री निवायला लागल्या की असे झाड आपोआप मार्गी लागते, त्यामुळे घाईने छाटणी करू नका.

टोकाशी जवळून पाहा: एकटी कळी की घोस

हे बघायला भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी चालते. तीन-चार फांद्यांची टोके बोटांत धरून नीट बघा.

एका प्रकारात टोकाला एकच कळी दिसते, बऱ्याचदा चपटी आणि हिरवी. तिच्या लगेच खालची पाने नेहमीसारखी कातरलेली नसतात. अरुंद, सरळ, पट्टीसारखी असतात. आणि त्या पानांच्या बेचक्यांतून नवे कोवळे फुटवे निघून कळीच्याही वर चाललेले असतात. ही मुकुटकळी. रात्र पुरेशी लांब होण्याआधीच, फांदी जून झाल्यामुळे किंवा मध्येच चार-आठ गार दिवस आल्यामुळे ती धरलेली असते, आणि पुढे वाढायला लागणारा अंधार तिला मिळालेला नसतो. ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते, शेवटी तपकिरी पडते किंवा वाकडेतिकडे फूल देते.

दुसऱ्या प्रकारात मधली कळी थोडी मोठी, तिच्याभोवती बेचक्याबेचक्यातून बारीक कळ्यांचा घोस, आणि पानाचा कुठेच नवा फुटवा नाही. ही खरी फुलकळी. झाड पूर्णपणे फुलाकडे वळले आहे, आता फक्त वाट पाहायची.

मुकुटकळी असेल तर काय करायचे हे तारखेवर ठरते. जातीच्या नेहमीच्या फुलण्याला अजून शंभराच्या वर दिवस असतील तर कळी आणि तिच्याखालची पट्टीसारखी पाने जातील इतका शेंडा खुडा; खाली निदान चार चांगली कातरलेली पाने राहू द्या. पण बाजूच्या फुटव्यांच्या टोकांनाही कळ्या दिसू लागल्या असतील तर फक्त ती मधली अडलेली कळी नखाने काढा आणि फुटव्यांना हात लावू नका. फुले तेच देणार आहेत.

खुडणीची तारीख

शेंडे खुडल्याने झाड डेरेदार होते, हे सगळ्यांना माहीत असते. कुठे थांबायचे हे मात्र लिहून ठेवलेले नसते, आणि उशिरा फुलण्याच्या तक्रारींत याचा वाटा मोठा आहे.

रोप १२ ते १५ सेंटिमीटरचे झाले की पहिली खुडणी. फक्त कोवळे टोक, एक ते दोन सेंटिमीटर. ते दोन बोटांत धरून वाकवले की कट्कन तुटले पाहिजे. लवलवत राहिले, साल सोलून आली, तर तुम्ही जून भागापर्यंत खाली आलात. तिथून फुटवे उशिरा आणि कमी येतात. बाजूचे फुटवे आठ-दहा सेंटिमीटरचे झाले की दुसरी खुडणी. तिसरी खुडणी, हातात तेवढे दिवस असतील तरच.

थांबायचा दिवस काढायला गेल्या वर्षी पहिले फूल उमलले ती तारीख घ्या आणि त्यातून १०० दिवस वजा करा. १५ नोव्हेंबरला फुलणाऱ्या झाडाला ७ ऑगस्टनंतर शेंड्याला हात लावायचा नाही. हा हिशेब मोकळ्या हवेत, नैसर्गिक दिवसमानावर फुललेल्या तारखेचाच हवा. फुललेली कुंडी विकत आणली असेल तर ती तारीख निरुपयोगी आहे. अशी झाडे अंधार देऊन हवी तेव्हा फुलवलेली असतात आणि बहुतेक वेळा वाढ रोखणारे औषध देऊन बुटकी ठेवलेली असतात. दुसऱ्या वर्षी ती उंच वाढतात आणि आपल्या मूळ वेळेला फुलतात. ते झाडाचे खरे रूप आहे, बिघाड नाही.

खुडायला उशीर झाला असेल तर? आठवड्या-दोन आठवड्यांचा उशीर असेल तर फूलही तेवढेच मागे जाते आणि थोडे लहान येते. पण कळी धरल्यावर खुडणी झाली असेल तर फूलच खुडले गेले. खालच्या बेचक्यांतून आखूड देठाची थोडी फुले येतील, तेवढ्यावर या वर्षी थांबायचे.

खत कधी कारण असते

जास्त नत्राने शेवंतीचे फूल सहसा पूर्ण अडत नाही. ते उशिरा येते, कमी येते आणि देठ लोळतात. पाने काळपट हिरवी, जाड, कडा खाली वळलेली आणि दाबली की तडकणारी, पेरांतले अंतर लांब, असे दिसले तर नत्र जास्त झाले असे समजा. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खारवट पूड दिसली तर क्षार साठले आहेत. अशा वेळी आधी धुवायचे. २५ सेंटिमीटरच्या कुंडीत साधारण आठ लिटर माती मावते. तिच्या दुप्पट, म्हणजे १६ लिटर साधे पाणी तासाभरात चार वेळा विभागून सोडा आणि तळातून पूर्ण वाहू द्या. निचरा तुंबलेला असेल तर आधी छिद्र मोकळे करा, नाहीतर मुळेच कुजतील. नंतर दोन आठवडे खत नाही.

नेहमीचे वेळापत्रक असे ठेवता येते: कळी दिसेपर्यंत १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, कुंडीमागे अर्धा लिटर. कळी दिसल्यावर त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात. कळीने रंग दाखवला की खत बंद. शेणखत किंवा गांडूळखत लावणीच्या वेळी मातीत एक तृतीयांश पुरे. कळीच्या तोंडावर पुन्हा मूठमूठ घालत राहू नका, ते नत्र नेमके चुकीच्या वेळी सुटते.

फूल येत नाही म्हणून सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा ओतण्याची सवय फार पसरली आहे. मातीत स्फुरद पुरेसे असेल तर वरचे स्फुरद कळी आणत नाही. उलट ते साठले की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते, आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा दिसू लागतो.

कळ्या आल्या, पण करपतात

इथे अंदाज करत बसण्यापेक्षा एक कळी उघडून पाहावी. तपकिरी पडायला लागलेली कळी तोडा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि धारदार पात्याने देठापासून टोकापर्यंत उभी चिरा.

आतल्या पाकळ्यांवर रुपेरी-तपकिरी ओरखडे, काळे बारीक ठिपके, आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे पिवळसर लांबट किडे कागदावर पळताना दिसले, तर फुलकिडे आहेत. किडे इतके बारीक असतात की दहा सेकंद नजर स्थिर ठेवल्याशिवाय दिसत नाहीत. अशा सगळ्या कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका, झाडाखाली पाडू नका. निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर, त्यात पातळ साबण १ ते २ मिलिलिटर मिसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना आणि कळ्यांच्या तळाशी फवारा. दर पाच-सहा दिवसांनी, एकूण तीन वेळा. एका फवारणीने भागत नाही, कारण अंडी पानाच्या पेशींत आणि कोशावस्था बहुधा मातीत असते. फवारा तिथे पोचत नाही. उमललेल्या फुलांवर तेल मारू नका, डाग पडतात. निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीवर लावले तर किडे आले-गेले कळते.

कळीला एक गोल भोक आणि आत ओलसर हिरवी विष्ठा असेल तर अळी आहे. ती रात्री विजेरीने शोधून हाताने वेचणे हा घरच्या बागेतला सर्वांत खात्रीचा इलाज. कळी मऊ, पाणचट आणि वर राखाडी लव असेल तर बुरशी. पाणी पानांवरून घालणे थांबवा, सकाळीच आणि मुळाशी घाला, दाटी झालेल्या आतल्या काड्या काढून हवा खेळती करा.

आत काहीच नाही, कळी नुसती कोरडी, कागदी झाली आहे? मग मुळांकडे बघा. कळी भरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत झाड एकदा जरी पार कोमेजले तरी कोवळ्या कळ्या त्याची किंमत मोजतात. बोट तीन-चार सेंटिमीटर मातीत घाला. तिथे कोरडे लागले की पाणी द्यायचे. पाणी घातल्यावर लगेच कुंडीच्या कडेने खाली निघून जात असेल तर मातीचा गोळा आक्रसून सुटला आहे. कुंडी बादलीत वीस मिनिटे बुडवून ठेवली की तो पुन्हा ओल धरतो.

मावा शेंड्यांवर आणि कळीच्या मानेवर काळपट गर्दी करतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन दिवसाआड धुतला तरी आटोक्यात येतो. खालच्या पानांवर शिरांमध्ये अडकलेले त्रिकोणी तपकिरी तुकडे दिसत असतील आणि ते आठवड्या-आठवड्याने वर चढत असतील, तर मात्र ते पानातले सूत्रकृमी (अतिशय बारीक जंत) आहेत. त्यावर घरी इलाज नाही. झाड काढून टाका आणि त्याच्या काश्या कोणालाही देऊ नका. पानामागे गुलाबी-पांढरट फोड आणि त्यांच्या वरच्या बाजूला फिकट खोलगट ठिपके असतील तर तो पांढरा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. तिथेही झाड काढण्यासारखा दुसरा उपाय नाही.

जुने झुडूप

तीन-चार वर्षे न हलवलेले झुडूप मध्यभागी लाकडी, पोकळ होते आणि फुले फक्त कडेला, लहान लहान येतात. यात रात्रीचा, खताचा काहीच दोष नाही. फुले संपल्यावर दांडे जमिनीपासून १० सेंटिमीटरवर कापा. मुळाशी नव्या काश्या फुटतील. त्या हातभर वाढू न देता, पाच-सहा पानांच्या असताना कडेच्या, मुळे धरलेल्या काश्या वेगळ्या करून नव्या मातीत लावा आणि मधला जून गड्डा टाकून द्या. छाटे लावायचे तर सहा ते आठ सेंटिमीटरचे कोवळे टोक घ्या. वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे, दोन ते तीन आठवड्यांत मुळे. कळी धरलेल्या दांड्याचा छाटा कधीही घेऊ नका. तो मुळे धरतो आणि बोटभर उंचीवरच फुलून बसतो.

रोपे बुटकी असतानाच कळ्या धरण्याची ही तक्रार लहान दिवसांत लावलेल्या झाडांत नेहमीची. तिथे उपाय उलटा: रात्री १० ते २ दिवा लावा. साधा ९ वॅटचा पिवळसर एलईडी झाडाच्या वर एक मीटरवर, पानांवर १०० लक्सच्या आसपास. झाड हव्या त्या उंचीला आले की दिवा बंद, आणि त्या दिवसापासून जातीचे आठवडे मोजायचे.

शेवंतीसारखी दिसणारी, पण वेगळी वागणारी तक्रार

पिवळा-केशरी कॉसमॉस आणि उंच आफ्रिकन झेंडूही लहान दिवसांत लवकर फुलतात. मोठ्या दिवसांत पेरले तर आधी कमरेएवढे वाढतात आणि मग कळी धरतात. बुटका फ्रेंच झेंडू दिवसाची लांबी पाहत नाही, म्हणून तो फुलत नसेल तर ऊन आणि नत्र तपासा. कॉसमॉसला सुपीक माती मानवत नाही, त्याला खत न देणेच बरे.

डेलियाची कळी कडक उन्हाळ्यात गळते आणि गारवा आल्यावर टिकते. हंगामाच्या अखेरीस दिवस १२ तासांच्या खाली गेल्यावर मात्र भरगच्च जातीच्या फुलाचाही मध्य उघडा, पिवळा दिसू लागतो, कारण झाड तेव्हा कंद भरण्याकडे वळलेले असते. तो रोग नाही.

उशिरा फुलणारा बहुवर्षायू अस्टर शेवंतीच्याच नियमाने चालतो, फक्त त्याला भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फार लवकर लागते. मुळाशी ओल आणि पानांत वारा ठेवला की पुष्कळ फरक पडतो. जपानी अ‍ॅनेमोनी हलवल्यावर पहिली दोन वर्षे रुसल्यासारखी राहते, तिला तिथेच राहू द्या. जाड पानांच्या उंच सेडमला अंधार देऊ नका. ती उशिरा फुलत असली तरी तिची कळी मोठ्या दिवसांतच धरते, आणि ती फुलत नसेल किंवा मधोमध फाकून पडत असेल तर कारण सावली किंवा जास्त खत हेच असते. पॉइन्सेटिया आणि कलांचो यांना मात्र शेवंतीसारखाच, रोज १४ तासांचा अंधार लागतो: कलांचोला सहा आठवडे, पॉइन्सेटियाची वरची पाने पूर्ण रंगायला आठ ते दहा.